देवाचा बैल दावणीला

"डॉक्टरीणबाय, लावा चिमटा," सरपंच म्हणाले.

"लावून तर बगा," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

मी केदारलिंगाच्या देवळासमोर उभी होते आणि चिमटा माझ्या हातात होता. स्वयंपाकघरातला चिमटा नव्हे. बर्डिझो नावाचं एक लांब लोखंडी अवजार असतं, त्याला आम्ही चिमटा म्हणतो. त्याने कातडी न कापता आतल्या नसा दाबून वळूचं खच्चीकरण करतात. काम दोन मिनिटांचं असतं. पण चिमटा लावा म्हणणारी अर्धी वाडी माझ्या उजवीकडे उभी होती, बैलाला हात लावू नका म्हणणारी अर्धी डावीकडे, आणि मध्ये ज्याच्यावरून हे सगळं चाललं होतं तो बाबल्या देवळाच्या चौथऱ्याला अंग घासत होता. त्याला कशाचंही सोयरसुतक नव्हतं.

मी लांजा तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी आहे. पद म्हणायला मोठं आहे. गावात मला गुरांची डॉक्टरीण म्हणतात, आणि नवीन गावात गेले की पहिला प्रश्न "डॉक्टर कुठं हायत?" हाच असतो. मी रत्नागिरी शहरात वाढलेली. गाय लांबून बघितलेली, शिक्षणात जवळून. त्यामुळे माझी पहिली दोन वर्षं लाथा खाण्यात गेली. आता लाथ यायच्या आधी कळते.

बाबल्या हा देवाला सोडलेला बैल. कोणीतरी नवस बोललं, नवस फेडायला गोऱ्हा देवळात आणून सोडला, तोच हा. अशा बैलाला मालक नसतो. त्याच्या नाकात वेसण नसते, गळ्यात दावं नसतं. त्याला कोणी बांधत नाही, मारत नाही, हाकलत नाही. तो ज्याच्या अंगणात जाईल तिथे पेज पितो आणि ज्याच्या शेतात शिरेल तिथे चरतो. आपल्या कोकणातली गुरं तशी अंगाने लहान, काटक. बाबल्या मात्र म्हातारा झाला तरी गावभर खाऊन ऐसपैस झाला होता.

सरपंचांची तक्रार होती की बाबल्या माजलाय, चिमटा लावला की थंड होईल. मी त्यांना म्हटलं, "सरपंच, चिमट्याने बैलाची एक इच्छा जाते. भूक जात नाही."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सरपंच हसले नाहीत.

बायकांमधली एक पुढे आली. तिशी-पस्तिशीची, हात मातीने भरलेले. तिचं नाव वनिता. वाडीतल्या बायकांच्या बचत गटाची ती अध्यक्ष.

"भूक जात न्हाय ना?" ती म्हणाली. "मंग चला माज्या संगती. काय खाल्लान ता तरी बगा."

मी चिमटा पिशवीत ठेवला आणि तिच्या मागून गेले.

देवळाच्या खाली भातशेतीचा मळा होता. भात कापून झालेलं. मळ्याच्या कडेने पऱ्या वाहत होता. पऱ्या म्हणजे डोंगरातून येणारा ओढा. पावसात तो अंगावर येतो, मे महिन्यात नुसते दगड. या बायकांनी मातीच्या गोण्या रचून त्याला बांध घातला होता. मागे गुडघाभर पाणी तुंबलेलं, स्वच्छ, तळ दिसेल असं. पाण्याच्या अलीकडे त्यांनी कलिंगड आणि चवळी लावली होती. लावली होती एवढंच म्हणता येईल, कारण तिथे आता फक्त खुरांचे ठसे होते. काट्याकुट्यांचं कुंपण, ज्याला इथे वई म्हणतात, एका जागी सपाट झालेलं.

"बाबल्या शिंग घालून वई उचलतो," वनिता म्हणाली. "त्याच्या मागनं आख्खा कळप. सकाळी आलाव तर ह्या असां."

"कळप कोणाचा?"

"आमचाच."

इथे थोडं सांगायला हवं, नाहीतर घाटावरच्या वाचकाला वाटेल ही माणसं वेडी आहेत. कोकणात पाऊस चार महिने कोसळतो. त्या चार महिन्यांत भात होतं. तोवर गुरं गोठ्यात किंवा राखणीत असतात, कारण सगळ्यांचंच भात उभं असतं. भात कापून घरात आलं की गुरं सोडून देतात. थेट पुढच्या पेरणीपर्यंत मोकाट. पूर्वीपासूनची रीत आहे ती, आणि तिच्यात काही चूकही नव्हती. भातानंतर शेतात काही नसायचंच, मग गुरांनी धसकटं खाल्ली तर कोणाचं काय गेलं? शिवाय राखायला माणूस कुठे आहे? बाप्ये मुंबईला, पोरं कॉलेजला, घरात म्हातारी माणसं आणि बायका.

पण त्याचा अर्थ असा की आठ महिने जमीन पडून. एखाद्याने दुसरं पीक घ्यायचं ठरवलं, तर त्याला आख्ख्या गावाच्या गुरांशी एकट्याने लढावं लागतं. म्हणून कोणी घेत नाही. आणि कोणी घेत नाही म्हणून गुरं सुटलेलीच राहतात. मी इतकी वर्षं या गावांतून फिरतेय. प्रत्येक सभेत ऐकलंय की कोकणात गरिबी आहे कारण पाणी नाही. इथे पाणी माझ्या पायाशी होतं, जमीन समोर होती, आणि पीक गुरांच्या पोटात होतं.

मळ्याच्या बांधावर एक पुरुष उकिडवा बसला होता. मोबाइल हातात, पण बघत नव्हता.

"ह्ये आमचे," वनिता म्हणाली. "प्रकाश. मुंबईला कंपनीच्या कँटीनला असतात. गणपतीला आले ते ऱ्हायले. शिमग्यापातूर ऱ्हायचा ठरलाय. पीक आलां तर हितंच. न्हाय आलां तर शिमगा झाला की मुंबईची गाडी."

प्रकाश वर न बघता म्हणाला, "आता कुठलं येतंय पीक."

वनिता माझ्याशी बोलत होती, पण ऐकवत त्याला होती. "लगीन झाल्यापास्नं माजा नवरा माज्या घरी पावना हाय. गणपतीला येतो, शिमग्याला येतो. आमची पोरगी त्यांना 'कदी आलात' इचारत न्हाय. 'कदी जानार' इचारते."

प्रकाशने मोबाइल खिशात टाकला आणि उठून पऱ्याच्या पलीकडे गेला.

मी विचारलं, "पुन्हा लावलंत तर वेळ आहे?"

"लगेच लावला तर शिमग्याला हातात येल. बियानं हाय. पन लावून कोनाला घालू? बाबल्याला?"

तर प्रश्न एवढाच होता. बैल हलवायचा.

एका गोशाळेचा ट्रक मिळेल असं आमच्या साहेबांनी फोनवर सांगितलं. मी खूश झाले. देवळात येऊन सांगितलं, तर म्हातारे रघूबाबा गुरव शांतपणे म्हणाले, "देवाचा हाय त्यो. देवाला इचारल्याशिवाय हलवायचा न्हाय."

देवाला विचारणं म्हणजे कौल लावणं. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवापुढे गावाची अडचण मांडतो, आणि मग सगळे वाट बघतात. उजवी कळी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. माझं शास्त्रीय मत विचाराल तर पाणी सुकतं आणि कळी पडते. मी ते मत तिथे कोणाला सांगितलं नाही. नोकरी करायची आहे.

सोमवारी कौल लागला. मीही गेले. रघूबाबांनी गाऱ्हाणं घातलं की हा तुझा बैल गावाला जड झालाय, त्याला गावाबाहेर धाडायला तुझा हुकूम आहे का महाराजा. "व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. थोड्या वेळाने कळी पडली. डावी.

मी बाहेर येऊन साहेबांना फोन लावला.

"साहेब, बैल हलवायला नकार आहे."

"कोणाचा?"

"केदारलिंगाचा."

साहेब म्हणाले, "ठीक आहे. ग्रामस्थांचं सहकार्य नाही असं लिहा आणि केस बंद करा."

मी स्कूटीची चावी काढली. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात आतून वनिताचा आवाज आला.

"रघूबाबा, माला एक इचारायचाय देवाला."

सभामंडपात कुजबुज झाली. कौलाला बायका येतात, बसतात, पण प्रश्न पुरुषांनी मांडायचा. सरपंच काहीतरी म्हणणार होते. रघूबाबांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. "बोल गो," ते म्हणाले, "मी सांगतंय देवाला."

ती पुढे आली.

"देवाला सांगा, तुजा बैल वनवन फिरतोय, लोकांच्या शिव्या खातोय. त्यापरीस आमी त्याला तुज्याच दारात बांदताव. मांडव घालताव, चारा घालताव, पानी दाकवताव. गावाबाहेर न्हाय, तुज्या नजरेसमोर. ह्याला तुजी परवानगी हाय का?"

लोकांनी माना डोलावल्या. हे चालण्यासारखं होतं. पण तिचं संपलं नव्हतं.

"आनि दुसरा इचारा. देवाचा बैल दावनीला आसताना गावाच्या गुरांनी मोकाट फिरावा काय?"

मला आधी कळलंच नाही काय झालं ते. मग मी लोकांच्या तोंडाकडे बघितलं. सरपंचांचं तोंड उघडंच राहिलं होतं. पहिल्या प्रश्नाला होकार आला, तर दुसऱ्याला उत्तर देवाने देण्याची गरजच नव्हती. देवाचा बैल बांधलेला आणि माझी गाय मोकळी, असं उद्या पाणवठ्यावर कोण बोलणार होतं?

रघूबाबांनी तिच्याकडे बघितलं. मग गालात हसले. पहिल्या कळ्या काढल्या, नव्या लावल्या, आणि तिच्या पहिल्या प्रश्नाचं गाऱ्हाणं घातलं. तिचे शब्द जसेच्या तसे, फक्त मोठ्या आवाजात. "व्हय म्हाराजा," म्हणताना या वेळी बायकांचा आवाज वर होता.

मग वाट बघणं. मघाशी मी घड्याळ बघत होते. आता मी त्या उजव्या कळीकडे बघत होते. पाणी सुकतं आणि कळी पडते, हे मला ठाऊक होतं. तरी मी श्वास धरला होता. प्रकाश खांबाला टेकून उभा होता, तोही बघत होता.

उजवी पडली.

कोणी ओरडलं नाही, टाळ्या नाहीत. वनिता खाली बसली आणि रडायला लागली. माझ्या अंगावर काटा आला. तो देवामुळे की तिच्यामुळे, हे मी आजही सांगू शकत नाही, आणि सांगायची गरजही वाटत नाही.

आता काम माझं होतं. जन्मात कधी दावं न बघितलेल्या बैलाच्या गळ्यात दावं घालायचं. रघूबाबांच्या हातून तो गूळ खायचा, पण दोरी दिसली की डोकं खाली घालायचा. झटापट करण्यात अर्थ नव्हता. एखाद्याच्या पोटात शिंग गेलं असतं. गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागणार होतं.

या औषधाने जनावर पाय मोडून बसतं, सुस्त होतं. पण गाई-बैलांच्या मोठ्या पोटात सारखा वायू होत असतो, आणि जागेपणी तो ढेकरांवाटे निघून जातो. गुंगीत जनावर कुशीवर आडवं झालं की ढेकर अडते, पोट नगाऱ्यासारखं फुगतं, आणि बघता बघता जनावर जातं. म्हणून आधी त्याला उपाशी ठेवायचं असतं. आता ज्याला बांधताच येत नाही त्याला उपाशी कसं ठेवणार? गावभर कुठे ना कुठे तो खाणारच.

साहेबांना कळवणं भाग होतं.

"बैल म्हातारा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पोट भरलेलं?"

"असणारच."

"आणि देवाचा?"

"हो साहेब."

"मॅडम," साहेब म्हणाले, "बदली हवी असेल तर अर्ज करायची पद्धत असते."

ठरल्या दिवशी मी सकाळी लवकर गेले. बाबल्या रात्रीच्या बसकणीतून नुकताच उठलेला, त्यातल्या त्यात पोट रिकामं. देवळामागे बायकांनी बांबू आणि झावळ्यांचा मांडव घातला होता. सगळा गाव जमला होता. मी डोस कमी धरला. म्हाताऱ्या जनावराला तोच धरावा. रघूबाबांनी गूळ पुढे केला, मी मागून सुई मारली. बाबल्याने मान झटकली, चार पावलं चालला, थांबला. डोळे जड झाले. मग पुढचे गुडघे टेकले आणि मागचं अंग खाली आलं.

आणि तो एका अंगाला कलायला लागला.

"धरा!" मी ओरडले. "छातीवर बसू दे त्याला, आडवा होऊ देऊ नका! मान वर धरा!"

सगळे जागच्या जागी. देवाचा बैल, हात कोण लावणार? मेला तर पाप कोणाच्या माथी? मी एकटी त्याच्या खांद्याला रेटा देत होते आणि तो माझ्यावरच येत होता.

तेव्हा प्रकाश धावला. मी त्याला हाक मारली नव्हती. वनितानेही नाही. त्याने बाबल्याच्या कुशीला गुडघा लावला, दुसऱ्या मांडीवर त्याचं डोकं घेतलं आणि दोन्ही हातांनी शिंगं धरून मान वर ठेवली. मग आणखी दोघे-तिघे आले. बैल सरळ झाला. मी गळ्यात दावं आणि तोंडाला मोरकी घातली, पोटावर हात ठेवून बसले. पोट थोडं तट्ट लागत होतं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. प्रकाशच्या पायाला मुंग्या आल्या असणार, त्याने पाय हलवला नाही. बैलाची लाळ त्याच्या पँटवर गळत होती. एकदा त्याने मला हळूच विचारलं, "डॉक्टर, ह्यो जगंल ना?" मुंबईत राहून त्याची भाषा शहरी झाली होती. त्या क्षणी ती गावची होती.

मग बाबल्याने ढेकर दिली.

माझ्या आयुष्यात इतका सुंदर आवाज मी क्वचित ऐकला असेल. सगळा गाव हसला. थोड्या वेळाने तो धडपडत उठला, गळ्यातल्या दाव्याकडे त्याने जरा आश्चर्याने बघितलं, आणि समोर टाकलेला पेंढा खायला लागला.

त्याच दिवशी गावाची बैठक झाली. ठरलं ते असं. रोज एका घराने राखण करायची. सकाळी गावातली सगळी गुरं देवळापाशी गोळा करायची, वर सड्यावर न्यायची, संध्याकाळी परत आणून आपापल्या गोठ्यात बांधायची. सडा म्हणजे डोंगरमाथ्याचं जांभ्याचं पठार. तिथे गवत असतं, पीक नसतं. ज्याची राखण त्यानेच बाबल्याला चारा घालायचा. माझ्याकडून मी एवढंच केलं की चाऱ्याच्या गवताची ठोंबं आणून दिली आणि पऱ्याच्या काठाने लावायला सांगितली. बांधून घातलेल्या जनावराला नुसता पेंढा पुरत नाही.

ठरवलेलं टिकतं का, हे मात्र मला बघायचं होतं. सरकारी नोकरीत ठराव पुष्कळ बघितलेत.

पहिली सुटली ती सरपंचांचीच गाय. भर दुपारी नव्या वेलांत उभी. बायकांनी तिला मारलं नाही, कोंडवाड्यात घातलं नाही. तिथला कोंडवाडा कधीच पडलाय, त्याच्या भिंतीत उंबर उगवलाय. त्यांनी तिला नेऊन बाबल्याच्या शेजारी बांधली आणि आपापल्या कामाला लागल्या. आता गाय सोडवायला सरपंचांना देवळात यावं लागणार, आणि येताना सगळे बघणार. ते आले. रघूबाबांनी विचारलं, "काय, नवस बोल्लाव काय?" सरपंचांनी गाय सोडली, आणि दुसऱ्या दिवशी राखण आपली नसताना स्वतः गुरं घेऊन सड्यावर गेले. त्यानंतर कोणाचं जनावर सुटल्याचं मी ऐकलं नाही.

फेब्रुवारीत मी एका आजारी म्हशीसाठी शेजारच्या गावी गेले होते. परतताना मुद्दाम सड्यावरून आले. वर सगळं करपलेलं. गवत पिवळं, दगड काळा, उन्हाने डोळे मिटावे असं. वळण घेतलं आणि खाली मळा दिसला. मी गाडी थांबवली.

पऱ्याच्या दोन्ही काठांनी हिरवं होतं. कलिंगडाचे वेल जमिनीवर पसरलेले, पानांतून फळांचे गोल दिसणारे. चवळी, मुळा, माठ. फक्त बचत गटाचंच शेत नव्हे. गुरं बांधली गेली म्हटल्यावर शेजारच्यांनी लावलं, त्यांच्या शेजारच्यांनी लावलं. एरवी या दिवसांत रिकामा पडणारा मळा माणसांनी भरला होता. म्हाताऱ्या बायका खुरपत होत्या, कोणी पंप ओढत होतं. एवढ्यात सड्यावरून गुरं उतरायला लागली. संध्याकाळची वेळ, घुंगरांचा आवाज, आणि ती सगळी जनावरं हिरव्या शेताच्या कडेकडेने, तोंड न घालता, गोठ्याकडे निघालेली. पुढे बाबल्या. आता रात्री देवाच्या दारात बांधलेला असला तरी दिवसा तोही कळपाबरोबर सड्यावर जात होता, मोरकीत, एका म्हाताऱ्याच्या हाताला धरून चालल्यासारखा.

मी गाडीवर बसून राहिले. एवढ्या योजना मी राबवल्या, शिबिरं घेतली, भाषणं दिली. शेतीने गाव कसं उभं राहतं, हे मी माईकवर बऱ्याचदा सांगितलंय. ते खरंच होताना माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा दिसत होतं, आणि तिथे एक अधिकारी नव्हता, पोलीस नव्हता, दंड नव्हता. लोकांनी आपली गुरं बांधली होती. बस.

शिमग्याला मुंबईकर आले. पालखी घरोघर फिरली. आलेले लोक मळ्यात जाऊन फोटो काढत होते आणि कलिंगडं फोडून खात होते. हमरस्त्यावर लांज्याच्या बाजूला बायकांनी कलिंगडांचा ढीग लावला होता. पैसे किती आले ते मी विचारलं नाही. प्रकाशचं काय, हेही विचारलं नाही. विचारायची हिंमत होत नव्हती. पीक आलं होतं हे खरं. पण मुंबईतला महिन्याचा पगार ही खात्रीची गोष्ट आहे, आणि एका हंगामावर कोण आयुष्य टाकतं?

पालखी देवळात परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी मला लाळ-खुरकुताच्या लसीकरणासाठी त्याच वाडीत जायचं होतं. तिठ्यावर मुंबईची गाडी उभी होती. छपरावर फणस, पिशव्या, तांदळाच्या गोण्या. खिडक्यांतून हात. खाली आया रडत होत्या, दरवर्षी रडतात तशा. मी गर्दीत वनिताला शोधलं. ती दिसली नाही. तिची पोरगी दिसली, रस्त्याच्या कडेला उभी, गाडीकडे बघत.

तेवढ्यात वरच्या वाटेने घुंगरं वाजली. गुरं तिठा ओलांडून सड्याकडे निघाली होती. गाडीच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. गुरं थांबली नाहीत. कळपाच्या मागे, खांद्यावर काठी आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, प्रकाश होता.

"अरे परकाश!" खिडकीतून एकजण ओरडला. "चल ना! कँटीनवाला इचारतोय तुला!"

"आज राखन माजी हाय," प्रकाश म्हणाला.

"मंग उद्याच्या गाडीनं ये!"

"उद्या कलिंगडांचा दुसरा तोडा हाय."

"मंग परवा?"

प्रकाशने जरा विचार केला. "परवा बगू," म्हणाला, आणि एका मागे राहिलेल्या वासराला टिचकी मारून पुढे झाला. पोरगी धावत त्याच्या मागे गेली. तिने त्याला मोठ्याने विचारलं, "बाबा, कदी येनार?"

"सांजंला," तो म्हणाला.

गाडी निघून गेली. मी लसीची पेटी घेऊन कळपाच्या मागून सड्यावर गेले. एरवी लसीकरणाला सकाळची वेळ वाया जाते, जनावरं शोधत रानात फिरावं लागतं. त्या दिवशी सगळी एका जागी मिळाली आणि दुपारी माझं काम आटोपलं.

तेव्हापासून नवीन गावात गेले की मी पाण्याची चौकशी नंतर करते. आधी दावणी बघते.